मूर्च्छा

भाद्रपद शुद्ध त्रयोदशी होती. दुपारी तीनच्या सुमारास माझ्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानासमोर रिक्षा थांबली आणि एक गृहस्थ जुन्या चादरीत गुंडाळलेला सीपीयू पोटाशी धरून उतरले. निवृत्त शिक्षक. माझी त्यांची ओळख नव्हती, पण सांगलीत अशा माणसाला सगळे सर म्हणतात, तसं मीही म्हणालो. डबा टेबलावर ठेवल्यावर त्यांनी चादरीची नीट घडी घातली, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "किती फोटो काढावे लागतील, तेवढं आधी सांगा. मग मी ठरवतो."

मला काही कळेना. हळूहळू उलगडलं. कॉम्प्युटर सुरू व्हायला सहा-सात मिनिटं लागत होती. एखादी फाइल उघडायला घेतली की पांढरा पडदा यायचा आणि सर हात मांडीवर ठेवून बसून राहायचे. आधी एका दुकानात दाखवला होता. तिथल्या मुलाने डबा न उघडताच सांगितलं, की यात फोटो फार झालेत, ते उडवा म्हणजे मशीन हलकं होईल. फोटो सरांच्या पत्नीचे होते. त्या जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत सरांनी कपाटातले जुने कागदी फोटोही एकेक करून स्कॅन करून त्यात घातले होते. वेग हवा असेल तर त्यांतले किती द्यावे लागतील, हा हिशेब घेऊन ते रिक्षात बसले होते.

त्या दिवशी सकाळी मी मंदिरातून थेट दुकानात आलो होतो. आम्ही दिगंबर जैन, मूळचे कृष्णाकाठच्या एका खेड्यातले शेतकरी. भाद्रपदात पंचमीपासून चतुर्दशीपर्यंत आमचं दशलक्षण पर्व असतं. दहा दिवस, रोज एका धर्मावर प्रवचन. पहिला दिवस क्षमेचा, आठवा त्यागाचा, नववा आकिंचन्याचा, दहावा ब्रह्मचर्याचा. म्हणजे त्रयोदशी ही आकिंचन्याची. लहानपणापासून मला इथे एक कोडं पडलेलं आहे. काल त्याग झाला, द्यायचं ते देऊन झालं. मग 'माझं म्हणून काही नाही' हे शिकवायला आज आणखी एक दिवस कशाला? हात रिकामे झाल्यावर राहिलं काय? पंचवीस-तीस वर्षं प्रवचनं ऐकली, उत्तरंही ऐकली, पण ती कानापर्यंतच राहिली. त्या दुपारी सरांचं मशीन टेबलावर घेतलं आणि ते कोडं नव्याने समोर आलं, म्हणून हे लिहितो आहे.

मशीन 2014 चं होतं. इंटेलचा चौथ्या पिढीतला कोअर आय3, 3.4 गिगाहर्ट्झचा. चार जीबी रॅम. पाचशे जीबीची फिरती हार्डडिस्क. इथे आधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण घरोघरी हीच समजूत असते की कॉम्प्युटर म्हातारा होतो आणि म्हातारं माणूस जसं हळू चालतं तसा तोही हळू चालायला लागतो. तसं नसतं. 3.4 गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला 340 कोटी ठोके. तो प्रोसेसर विकत आणला त्या दिवशी जेवढे ठोके टाकत होता, तेवढेच आजही टाकू शकतो. वेग कुठे गेलेला नसतो, त्यावर काहीतरी येऊन बसलेलं असतं.

हे वाक्य मी गिऱ्हाइकांना कैक वर्षं सांगत आलो, पण ते मला आठवतं आजीच्या तोंडून, दुसऱ्याच संदर्भात. आमच्याकडे आठ कर्मं सांगितली आहेत. त्यांतलं पहिलं ज्ञानावरण. जीवाचा स्वभाव जाणण्याचा आहे, तो कमी होत नाही आणि बाहेरून कुणी वाढवूही शकत नाही. फक्त झाकला जातो. म्हणून आमच्या धर्मात मिळवायचं असं काही नाही, दूर करायचं आहे. वेग वाढवून देणारी म्हणून जी सॉफ्टवेअर जाहिरातीत दिसतात त्यांची मला जी चीड आहे, ती इथूनच आलेली असावी. वेग घालता येत नाही. ती घालायला येतात आणि स्वतःच आणखी एक थर होऊन बसतात. सरांच्या मशीनमध्ये अशी दोन होती.

मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. डिस्कच्या रकान्यात शंभर टक्के. रॅम जवळजवळ भरलेली. आणि अजून सरांनी किंवा मी काहीच उघडलेलं नव्हतं. मग त्याच खिडकीत, मशीन किती वेळ सलग चालू आहे ते पाहिलं. एक्केचाळीस दिवस. सर म्हणाले, "शक्य नाही. मी रोज रात्री बंद करतो, स्विचसुद्धा बंद करतो." ते खरं बोलत होते आणि मशीनही खरं बोलत होतं. विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप म्हणून एक सोय आली आहे. बंद करताना आपले उघडे प्रोग्रॅम मिटतात, पण व्यवस्थेचा गाभा जसाच्या तसा डिस्कवरच्या एका फाइलमध्ये लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलून आणला जातो. नवं सुरू होत नाही, कालचंच पुढे चालू होतं. खऱ्या अर्थाने नवं सुरू करायचं तर शट डाउन नव्हे, रीस्टार्ट करावं लागतं. मरणानंतरही जीवाबरोबर कार्मण शरीर जातं, असं आमच्याकडे म्हणतात. हा देह सुटतो पण बांधलेलं कर्म गाठोडं होऊन पुढच्या देहात येतं. यंत्राला जीव नाही, त्यामुळे ही तुलना मी फार ओढणार नाही. पण एक्केचाळीस दिवसांचा आकडा पाहून सर जसे गप्प झाले, तसाच मीही झालो.

आता फोटो. फोटोंचं फोल्डर 38 जीबी होतं. पाचशेतले अडतीस. डिस्कवर निम्म्याहून जास्त जागा मोकळी होती. मी सरांना सांगितलं, "यातला एकही फोटो काढायचा नाही. हे फोटो काही करत नाहीत. ते नुसते आहेत."

सरांचा विश्वास बसला नाही, म्हणून मला समजावून सांगावं लागलं, आणि समजावता समजावता जे शब्द तोंडात आले ते कॉम्प्युटरचे नव्हते. कर्माच्या अवस्था सांगताना आमच्याकडे सत्ता आणि उदय असे दोन शब्द वापरतात. बांधलेलं कर्म जीवाशी नुसतं पडून असतं, तेव्हा ते सत्तेत आहे. फळ द्यायला उभं राहतं, तेव्हा उदयात. सत्तेतलं कर्म त्या घडीला काही दुखवत नाही. डिस्कवरची फाइल अशी सत्तेत असते. अडतीस जीबी असो की अडतीस केबी, कुणी हाक मारेपर्यंत ती प्रोसेसरचा एकही ठोका घेत नाही. घेतं ते काय? जे उठून रॅममध्ये येऊन बसलं आहे ते.

स्टार्टअपची यादी उघडली. सतरा नोंदी. मशीन चालू होताच, न विचारता, आपापल्या पायांनी उठून येणारे सतरा प्रोग्रॅम. दोन अँटीव्हायरस, दोघेही एकच फाइल आपापल्या परीने तपासणारे, एकमेकांकडे संशयाने पाहणारे. केव्हाच विकून टाकलेल्या प्रिंटरचा एक. सरांच्या मुलाने कधी काळी घातलेल्या खेळाचा एक. ब्राउझरला चिकटलेले टूलबार. आणि कॅमेऱ्याबरोबर आलेल्या सीडीतून बसलेला एक, ज्याचं काम एवढंच की रोज सकाळी फोटोंचं पूर्ण फोल्डर पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळायचं, नवं काही आलं का ते पाहायचं, चेहरे ओळखायचा प्रयत्न करायचा. फोटो कमी होते तोवर तो मिनिटभरात उरकायचा. सरांनी दोन वर्षांत हजारो स्कॅन घातले आणि हा रोज ते सगळे उलटून पाहू लागला.

इथे रॅम आणि डिस्क यांतलं अंतर कळलं नाही तर पुढचं कळणार नाही. रॅममधलं काही हवं असेल तर ते एका सेकंदाच्या कोटीव्या भागात हाताशी येतं. सरांसारखी डिस्क मिनिटाला 7200 फेरे घेते, सेकंदाला 120. तिच्यावरचं काही हवं असेल तर आधी सुई त्या वर्तुळावर न्यायची, मग तो तुकडा फिरून खाली येईपर्यंत थांबायचं. यात सेकंदाचा शंभरावा भाग सहज जातो. लहान वाटतो, पण आपल्या मापात बसवून पाहा. रॅममधून आणायला एक सेकंद लागला असं धरलं, तर डिस्कवरून आणायला एक पूर्ण दिवस उलटून वर काही तास लागतील. पुढ्यातल्या ताटातला घास उचलणं आणि त्या घासासाठी मिरजेहून पायी कोल्हापूरला जाऊन येणं, इतका तो फरक आहे.

चार जीबी रॅम सतरा जणांनी भरली की यंत्र काय करतं? थोडा वेळ न लागणारं उचलून डिस्कवर ठेवतं आणि जागा करतं. लगेच त्याची गरज पडते, मग दुसऱ्याला उचलून डिस्कवर ठेवतं आणि पहिल्याला आणतं. तोवर दुसऱ्याची पाळी येते. अशी वेळ येते की सगळी शक्ती ने-आण करण्यातच संपते आणि काम शून्य होतं. याला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग या संगणकशास्त्रज्ञाने 1968 साली त्याची कारणं उलगडून दाखवली. शेतात मळणी यंत्रात काही न घालता ते नुसतं चालू ठेवावं, तसं: धडधड सगळी, दाणा एक नाही. डेनिंगने सांगितलेला उपाय मला शास्त्रापेक्षा व्रताच्या जवळचा वाटतो. प्रत्येक प्रोग्रॅमला त्या त्या वेळी खरोखर जेवढं लागतं, तेवढ्याला त्याने वर्किंग सेट म्हटलं. आणि ज्याचा वर्किंग सेट मावणार नाही, त्याला आत घेऊच नये. आत घेऊन मग सगळ्यांना थोडं थोडं उपाशी ठेवण्यापेक्षा दारातच थांबवावं.

आमच्या दिगंबर मुनींजवळ तीन गोष्टी असतात. मोरपिसांची पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र. पिच्छी संयमासाठी, बसण्याआधी जागा हळूच झाडायला, किडा-मुंगी चिरडली जाऊ नये म्हणून. कमंडलू शौचासाठी. शास्त्र ज्ञानासाठी. या तिघांना परिग्रह म्हणत नाहीत, उपकरण म्हणतात. लहानपणी मला वाटायचं ही पळवाट आहे. वस्तू ती वस्तू. आता वाटतं, तो त्यांचा वर्किंग सेट आहे.

आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्र या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात परिग्रह म्हणजे काय ते सांगताना वस्तूचं नावच घेतलेलं नाही. सोनं नाही, जमीन नाही, घर नाही. मूर्च्छेला त्यांनी परिग्रह म्हटलं आहे. मराठीत मूर्च्छा म्हणजे शुद्ध हरपणं. जैन परिभाषेत तिचा अर्थ आसक्ती, ममत्व. पण मला दोन्ही अर्थ एकच वाटतात. माणूस कशात तरी इतका गुंतलेला असतो की समोरून हाक मारली तरी ओ देत नाही. पडद्यावर ते फिरणारं वर्तुळ येतं आणि माऊस हलवला तरी बाण हलत नाही, तेव्हा लोक म्हणतात 'हँग झालं'. त्याला मी मनात मूर्च्छा म्हणतो. आतून ते यंत्र मरमर काम करत असतं, पण आपण हाक मारली तर त्याला ऐकू येत नाही.

आचार्य पूज्यपादांनी या ग्रंथावरच्या सर्वार्थसिद्धी या टीकेत इथे एक शंका घेतली आहे, आणि ती मला फार प्रामाणिक वाटते. मूर्च्छा हाच परिग्रह म्हटला तर बाहेरच्या वस्तू परिग्रह ठरणारच नाहीत की. त्यांचं उत्तर असं, की खरंच, आतलं ममत्व हेच मुख्य. जवळ काहीही नसलं तरी 'हे माझं' असा संकल्प असेल तर तो माणूस परिग्रहीच. पण बाहेरच्या वस्तूही परिग्रहच, कारण त्या मूर्च्छेला निमित्त होतात. दोन्ही बाजू त्यांनी धरल्या. हे विसरून चालणार नाही, कारण पहिल्या अर्ध्या भागाचा आधार घेऊन तीन-तीन बंगल्यांत राहणारे 'आम्ही अलिप्त आहोत' म्हणताना मी ऐकले आहेत. डिस्कचंही तसंच आहे. अर्धी भरलेली डिस्क मशीनला मंद करत नाही, हे खरं. पण ती काठोकाठ भरू द्या. रॅममधलं उतरवून ठेवायला जागा राहात नाही, अपडेटला जागा राहात नाही, आणि मग नुसतं पडून असलेलंही गळा धरतं.

यावर गृहस्थासाठी जो मार्ग सांगितला आहे, तो मी आजीकडे पाहिला. परिग्रह-परिमाण. सगळं सोडायचं नाही, पण किती ठेवायचं ते आधीच ठरवायचं. आजीने एका मुनींपुढे नियम घेतला होता: लुगडी सात. आयुष्यभर सात. दिवाळीला माझे काका आठवं घेऊन आले, की ते नवं लुगडं घडीतून उलगडण्याआधीच जुनं एक शेतावर येणाऱ्या बाईच्या हातात पडलेलं असायचं. नवं अंगाला लावून पाहिलं, की मग कुठलंच सोडवत नाही, हे तिला माहीत होतं. तिला अक्षर येत नव्हतं. आस्रव, संवर, निर्जरा हे शब्द ती मंदिरात ऐकून आली होती आणि मला नदीवर समजावून सांगायची. आमच्या घाटावर तेव्हा नाव चालायची. ती म्हणायची, "नावंला भोक पडलं तर आधी बोळा कोंबायचा, मग पाणी उपसायचं. उलटं करशील तर जल्मभर उपसत बसशील." आत येणं तो आस्रव, भोक बुजवणं तो संवर, उपसणं ती निर्जरा.

मीही तसंच करतो. लोक आधी फाइली उडवायला लागतात, रिसायकल बिन रिकामं करतात, आठवड्याने परत तेच. मी सरांच्या स्टार्टअपमधल्या सतरापैकी चौदा नोंदी डिसेबल केल्या. एक अँटीव्हायरस काढला, विंडोजचा स्वतःचा ठेवला. ब्राउझरचे टूलबार आणि एक्स्टेंशन काढली. तो फोटो चाळणारा प्रोग्रॅम काढून टाकला. फोटोंना हातही लावला नाही. मग रीस्टार्ट. एक्केचाळीस दिवसांचं गाठोडं सुटलं. सात मिनिटांचं काम अडीच मिनिटांवर आलं.

मग डबा उघडला. मार्केट यार्डातल्या पेढ्यांवरून येणाऱ्या मशीनच्या पंख्यावर हळदीची पिवळी साय बसलेली असते, सांगलीचा कॉम्प्युटर असा ओळखू येतो. सरांच्या मशीनवर देवघरातल्या उदबत्तीची काजळी आणि कापसासारखी धूळ होती. पंखा धुळीने गुदमरला की प्रोसेसर तापतो आणि फार तापला तर जळून जाऊ नये म्हणून तो स्वतःचा वेग स्वतः कमी करतो. इथे मात्र मंद होणं हा दोष नाही, स्वतःला सांभाळणं आहे. ब्लोअर मारला, थर्मल पेस्ट नवी लावली.

एवढं करूनही मी सरांना खरं ते सांगितलं. दहा वर्षं फिरलेली डिस्क आता कधीही जाऊ शकते, आणि कितीही वैराग्य दाखवलं तरी फिरत्या डिस्कचा वेग वाढत नाही. एसएसडी बसवा, रॅम आठ जीबी करा. एसएसडीत फिरणारं काही नसतं. मघाच्या हिशेबात तिथला एक दिवस अर्ध्या तासाच्या आत येतो. नवी साधनं घालून प्रश्न सोडवणं हे अपरिग्रहाच्या विरुद्ध नाही का, असं मला पूर्वी वाटे. आता वाटत नाही. आधी भोक बुजवून मग मोठी नाव घेतली तर ती कामाची. न बुजवता घेतली तर मोठ्या नावेत जास्त पाणी शिरतं, एवढंच. आठ जीबी घेऊन वर्षभरात पुन्हा माझ्याकडे आलेली मशीन मी पुष्कळ पाहिली आहेत.

सगळा दोष घरच्या माणसाचाही नसतो, हेही सांगायला हवं. पास्कल ही भाषा घडवणाऱ्या निक्लाउस विर्थ यांनी 1995 साली लिहून ठेवलं, की यंत्रं जेवढ्या वेगाने वेगवान होत आहेत, त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर मंद होत चाललं आहे. तीस वर्षांत ते जास्तच खरं ठरलं. बातमीचं एक पान उघडलं, की बातमीच्या कैक पट वजनाचं सामान त्यासोबत उतरतं. सरांनी ते मागितलेलं नसतं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला, आणि चौथ्या पिढीचा तो प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसत नाही. ठोके तेवढेच, तरी बाहेरून कुणीतरी त्याला म्हातारा ठरवलं. अशा मशीनवर मी आता विंडोजऐवजी लिनक्स घालून देतो. चालती वस्तू कचऱ्यात टाकायला लावणं ही हिंसा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या मातीतून तांबं-कथील उपसलं तिची, आणि जिथे हा कचरा जाळून ते परत काढतात तिथल्या हातांची.

सर संध्याकाळपर्यंत थांबले होते. नव्या एसएसडीवर सगळं चढवलं, फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर करून दिली. मशीन वीस सेकंदांत उघडलं. सरांनी फोल्डर उघडलं, बंद केलं. मग विचारलं, "म्हणजे मी यात अडकलोय असं तुमचं म्हणणं नाही?"

त्यांनी मघाशी माझं सत्ता आणि उदयाचं बोलणं मनावर घेतलं होतं. मी पटकन 'नाही' म्हणालो असतो तर त्यांना बरं वाटलं असतं. पण मला ते माहीत नव्हतं. मी विचारलं, "तुम्ही हे कधी बघता?" ते म्हणाले, "त्यांच्या तिथीला बघतो. आणि मुलगी आली की. एरवी कुठे वेळ असतो? पण आहेत, एवढं पुरतं." मी म्हणालो, "मग सर, तुमच्याकडे संग्रह आहे, परिग्रह दिसत नाही." हे बोलताना त्याग आणि आकिंचन्य यांना दोन वेगळे दिवस का, ते मला कळलं. त्याग वस्तूचा असतो, डिस्कवरचा. आकिंचन्य रॅममधलं. एक झालं म्हणजे दुसरं झालंच असं नाही, आणि पहिलं न करताही दुसरं जमलेला माणूस असू शकतो. तसा एक माझ्यासमोर चादरीची घडी उलगडत उभा होता.

याच्या उलटा माणूसही असतो. आजी मला कुंभोजच्या बाहुबलीच्या डोंगरावर न्यायची तेव्हा वाटेत तीच गोष्ट सांगायची. बाहुबलीने आपल्या भावाला, भरताला, युद्धात जिंकलं आणि जिंकलेलं सगळं तिथेच टाकून तो तपाला उभा राहिला. वर्षभर. पायांशी वारुळं झाली, अंगावर वेली चढल्या. श्रवणबेळगोळच्या त्याच्या मूर्तीच्या मांड्यांवर आणि दंडांवर त्या वेली कोरलेल्या आहेत. पण एवढं सोडूनही त्याला केवलज्ञान, म्हणजे पूर्ण ज्ञान, होईना. आजी सांगायची की मनात एक शल्य राहिलं होतं: मी उभा आहे ती जमीन भावाची. राज्य नाही, वस्त्र नाही, अन्न नाही, आणि आत एवढा एकच विचार चालू. भरत स्वतः येऊन पाया पडला, तेव्हा तो मिटला. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसलं नसतं. सगळ्या खिडक्या बंद, पडदा कोरा, आणि मागे एक प्रोग्रॅम वर्षभर फिरतो आहे.

ही गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली आणि ती माझी आहे असं मला कधी वाटलं नाही. त्या रात्री दुकान बंद करताना वाटलं. गावाकडे माझा थोरला भाऊ आहे. बांधाच्या कडेच्या दोन सऱ्यांवरून अकरा वर्षं आमचं बोलणं नव्हतं. त्या सऱ्या मी केव्हाच सोडून दिल्या होत्या. माझ्या वाटणीची जमीनही मी आता कसत नाही. त्याग झालेला होता. पण रोज पहाटे डोळे उघडायच्या आधी पहिली येते ती तीच गोष्ट: त्या दिवशी तो काय बोलला, मी काय बोलायला हवं होतं. मग दात घासताना, मग दुकानाचं शटर उचलताना. गिऱ्हाईक बोलत असतं आणि मला अर्धंच ऐकू येतं. लोकांच्या स्टार्टअपच्या याद्या मी रोज साफ करतो. माझ्या यादीतली पहिली नोंद अकरा वर्षं तशीच होती.

पौर्णिमेनंतरच्या प्रतिपदेला क्षमावाणी. त्या दिवशी सगळ्यांची क्षमा मागायची असते आणि आपण बहुतेक ती ज्यांच्याशी भांडण नाही त्यांचीच मागतो. मी सकाळच्या एसटीने गावी गेलो. दादा गोठ्यात होता. मला पाहून त्याने वैरणीचा भारा खाली ठेवला. मी पायांना हात लावला, जे म्हणायचं ते म्हटलं; अर्धं घशातच राहिलं. तो काही बोलला नाही. हात धुतले, वहिनीला चहा टाकायला सांगितलं, आणि आम्ही दोघं सोप्यात बसून उसाला या वर्षी हुमणी किती लागली आहे त्यावर बोललो. सऱ्यांचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

चहा संपल्यावर तो उठून आत गेला आणि पुतण्याचा लॅपटॉप घेऊन बाहेर आला. "पोराचा हा लई स्लो झालाय," तो म्हणाला. "बघतोस काय जरा?"

मी तो मांडीवर घेतला, झाकण उघडलं, आणि दादा माझ्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे बघू लागला.